रावजी दलाल आणि माळावरची गुरं

शेवरीवाडीच्या माळावर तेवीस गावठी गुरं बारा महिने मोकळी चरतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला रावजी कळंबे एक दिवसाआड डोंगर चढतो, असं पोलादपूरच्या बाजारात कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो. कारण या डोंगरातली गुरं कुणी संपवली म्हणून विचारलं, तर जी दोन-चार नावं निघतात त्यांत रावजीचं नाव पहिलं असतं.

रावजी गुरांचा दलाल. त्याचा बापही दलालच होता. सोळाव्या वर्षी तो बापाच्या मागून वाड्यावाड्या फिरू लागला आणि पुढे तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. पोरं मुंबईला गेली, म्हातारा थकला, नांगर आढ्याला टांगला की घरोघरचा निरोप रावजीला जायचा. तो आला की ओटीवर न बसता आधी गोठ्यात शिरायचा. दात बघायचा, पाठीवरची कातडी चिमटीत ओढून सोडायचा, खूर उचलायचा. मग खांद्यावरच्या टॉवेलाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. बायका घरात असताना जनावर दावणीतून सोडायचं नाही, हा बापाने घालून दिलेला नियम. बाई रडायला लागली की सौदा मोडतो. म्हणून रावजी भर दुपारी यायचा, बायका लाकडांना नाहीतर पाण्याला गेल्या असताना. गुरं घाटावर चढवून तिथल्या व्यापाऱ्याच्या हाती दावं दिलं की त्याचं काम संपे. जनावर पुढे कुठे जातं हे त्याने कधी विचारलं नाही आणि व्यापाऱ्याने कधी सांगितलं नाही.

दोन हजार पंधरा साली बैलांनाही लागू होणारा हत्याबंदीचा कायदा आला आणि हा धंदा बसला. त्यानंतर रावजी कुणाला दुभती गाय बघून दे, कुणाची पाडी इकडून तिकडे पोचव, असं किरकोळ काही करत राहिला. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, एक जवळच्या नाते गावात, एक कळव्याला. घरी तो आणि त्याची बायको शकू. जमीन थोडी, तीही ओढ्याकाठची आणि डुकरांच्या वाटेवरची.

माळाचं पुढे काय झालं ते आधी स्नेहलने पाहिलं. स्नेहल महाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर श्रावण-भाद्रपदात त्या माळावर येते. कातळाच्या खाचेत जेमतेम वीतभर उगवणारी काही फुलं तिथे होती. गुरं गेली आणि चार-पाच वर्षांत गवत कमरेएवढं झालं. कडेने घाणेरी आत सरकली. फुलं गवताखाली गुदमरून कमी झाली. जिथे दोन-चार गुरं अजून चरत होती तेवढ्याच तुकड्यात ती टिकून होती. तिने आणि तिच्या मंडळींनी एक लहानशी संस्था काढली आणि वाडीशी बोलणं केलं. सात घरांत मिळून जी गुरं उरली होती ती विकायची नाहीत, गोठ्यात बांधायचीही नाहीत, बारमाही माळावर सोडायची. गुरं ज्याची त्याचीच. त्यांच्याकडे बघायला एक माणूस आणि आजारपणाला डॉक्टर, एवढं संस्था बघणार.

असा माणूस कोण, हे स्नेहल गावोगाव विचारत फिरली. गुरांतलं कुणाला कळतं म्हटलं की लोक नाइलाजाने एकच नाव घेत. शेवटी ती रावजीच्या अंगणात येऊन बसली. रावजीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ही गुरं पुढे विकायची नाहीत ना? नाही म्हटल्यावर तो म्हणाला की मग बघतो.

वाडीत यावरून कुरबुर झाली. सगळ्यांत स्पष्ट बोलली ती चंद्राबाई मोरे. चोराच्या हातात किल्ल्या देताय, म्हणाली. सहासष्ट वर्षांची ही बाई, नवरा चांगू जाऊन तेरा वर्षं झालेली, मुलगा अक्षय नालासोपाऱ्याला गाडी चालवतो. माळावरच्या गुरांत तिची काजळी नावाची गाय होती आणि एक पाडी.

चंद्राबाईचं आणि रावजीचं एक जुनं प्रकरण होतं. चांगू गेला त्या वर्षी तिने बैलांची जोडी रावजीला दिली होती. बाळ्या आणि लाल्या. दोघंही उतरलेले, नांगराला न चालणारे. त्या दिवशी रावजी नियमाप्रमाणे दुपारी गेला, पण चंद्राबाई कुठे गेलेलीच नव्हती. दावं सोडताना ती गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि बैल कुठे नेणार म्हणून विचारू लागली. सौदा मोडेल म्हणून रावजी बोलून गेला, की घाटावर एक ऊसवाला शेतकरी आहे, त्याला हलक्या कामाला जोडी हवीय. खाऊनपिऊन सुखी राहतील.

एवढ्यावर राहतं तर ठीक होतं. पण पुढच्या दिवाळीच्या पाडव्याआधी ती पोलादपूरच्या बाजारात भेटली आणि बैल कसे आहेत विचारलं. बरे आहेत, शिंगं रंगवलीत, असं रावजीने सांगितलं. तिने दोन घुंगुरमाळा त्याच्या हातात दिल्या, पाडव्याला गळ्यात घाला म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी लाल्याच्या खांद्याला थोडं लागलंय, असं त्याच्या तोंडून निघालं. नुसतं बरे आहेत म्हटलं की तिला पटत नाही, असं त्याला वाटलं असावं. तिने घरची हळद कुटून पुडी करून पाठवली. चौथ्या वर्षी ती भेटली तेव्हा तिने विचारलं नाही. तिचा विश्वास उडाला की बैलांचं वय झालं असं धरून ती गप्प बसली, हे रावजीला कधी कळलं नाही.

माळावरचं काम त्याने नीट केलं. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी वरच्या कातळावर बसून कळप दुरून बघायचा, अर्धा तास तरी. कोण कळपापासून अलग उभं आहे, कोण मान खाली घालत नाही, कोण शेपटी एकाच बाजूला मारतं. मग मिठाचा खडा घेऊन खाली उतरायचं. जवळ येईल त्याचे कान आणि जांघा बघायच्या, गोचीड काढायचे. दुपारी गुरं झाडाखाली बसतात त्या गोठणीवर जाऊन शेण बघायचं. हाकायचं नाही, वळायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांत हेच त्याला जड गेलं. जनावर दिसलं की हात आपसूक दाव्याकडे जायचा.

गेल्या कार्तिकात, पाडवा होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा कातळावरून त्याला बावीसच दिसली. काजळी नव्हती.

पहिल्या दिवशी त्याने जवळच्या घळी बघितल्या. दुसऱ्या दिवशी कड्याखालचं रान बघितलं. बिबट्या वाघाने नेली असती तर गिधाडं नाहीतर कावळे तरी दिसले असते, कळप बुजलेला असता. कळप शांत होता. खालच्या गावांच्या कोंडवाड्यांत फोन करून झाले. संस्थेचा गुरांचा डॉक्टर मंगेश, तोही डोंगरपायथ्याच्या दोन वाड्या फिरून आला. तिसऱ्या दिवशी वाडीत बोलणं सुरू झालं, की दलालाने एक उडवली. शुभम म्हणून एक तरुण तेव्हा मुंबईहून आलेला होता, त्याने स्नेहलला फोन लावून सगळ्यांच्या देखत सांगितलं, मॅडम, ज्याला ठेवलाय त्याचा आधी रेकॉर्ड बघायचा होता.

चंद्राबाई त्या घोळक्यात नव्हती. रावजी माळावरून उतरताना ती वाटेवरच्या दगडी गडग्याशी उभी होती.

"रावजी, काजळी विकलीस काय?"

"नाय, वयनी."

"मग हाय कुठं?"

"ठावं नाय. अजून शोधतोय."

ती घराकडे वळली.

त्या संध्याकाळी जेवून रावजी ओटीवर आला. काजळी कुठली, कुणाच्या गोठ्यात जन्मली, तिची आई कोण, हे तो मनात उलगडत बसला. गुरांची वंशावळ त्याला माणसांच्या वंशावळीपेक्षा पक्की ठाऊक होती. काजळी हेदकोंडातली. माळाच्या पलीकडच्या अंगाला उतारावर अकरा घरांचा हेदकोंड होता. दोन हजार एकवीसच्या पावसात त्याच्या वरचा डोंगर भेगाळला आणि लोकांना तिथून उठवलं. सगळ्यात शेवटी किशोर म्हणून एकाचं घर उठलं. त्याची गुरं लावून द्यायला रावजीलाच बोलावलं होतं. त्यांतली दोन वर्षांची काजळी हाडं निघालेली, कुणी घेईना, म्हणून ती चंद्राबाईकडे आली. नेहमीची वाट दरडीखाली गेली होती. रावजीने तिला वरच्या अंगाने, एका घळीतून आणली होती. त्याच्या बापाच्या वेळची बैल न्यायची ती वाट. हेदकोंडातली माणसं गेली, बाप गेला, आता ती वाट चालून आलेले दोनच जीव उरले होते, एक रावजी आणि एक काजळी.

उजाडताच तो निघाला. घळीतल्या करवंदीच्या जाळ्या तोडत, हात सोलवटून घेत, तीन तासांनी हेदकोंडात उतरला. अकराही घरांना कुलपं होती. चार घरांची कौलं आत पडलेली, अंगणात गवत माजलेलं. किशोरच्या घरामागे झऱ्याचं पाणी दगडी डोणीत पडत होतं आणि डोणीच्या कडेला काजळी तीन पायांवर उभी होती.

उजव्या पुढच्या पायात तार रुतली होती. डुकरांसाठी लावतात तसला फास. झटके देऊन तिने खुंटी उपटली होती, पण तार पायातच राहिली आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. रावजी दहा पावलांवर आला की ती उड्या घेत मागे सरायची. त्याच्याजवळ दोर होता. एकट्याने जनावर पाडायचं कसब त्याच्या हातात होतं, आयुष्यात त्याने शेकड्यांनी पाडली होती. पण पाडताना तो पाय खाली आला तर मोडणार, हे त्याला दिसत होतं. तो थोडा वेळ तिथे बसला. मग तिच्यासमोर गवताचा भारा कापून टाकला आणि आल्या वाटेने परत फिरला. दुपार टळता टळता तो चंद्राबाईच्या दारात होता.

"गावली," म्हणाला. "जिती हाय. पायात फास हाय. मला हात लावू देत नाय, तुमाला यावं लागंल."

चंद्राबाईने कुठे ते विचारलं. त्याने सांगितलं. तिचे गुडघे गेलेले होते. दिवाळी झाली की ती सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन दोन दिवस पाय शेकून यायची आणि नुकतीच आली होती. तिने एवढंच म्हटलं, की सकाळी लवकर ये, उन्हात मला चढवणार नाय.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. मंगेशला फोन करून औषधं घेऊन मागून यायला सांगितलं होतं, पण वाट ठाऊक नसल्याने तो माळावरच थांबणार होता. रावजीकडे पक्कड, दोर, हळद आणि भाकरी. चढावर चंद्राबाई काठी टेकत, दर थोड्या वेळाने थांबत चालली. घळीशी रावजीने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. लुगडं आवरून ती दगडांवर बसत बसत, घसरत खाली उतरली. त्या उतरणीला अर्ध्या तासाच्या जागी दोन तास लागले. रावजी चार दगड पुढे थांबून बघत राहिला.

काजळीने आवाज ओळखला. चंद्राबाईने नुसतं "बाय गो, काय केलंस हे" म्हटलं आणि ती लंगडत आली, डोकं तिच्या पोटाशी घातलं. चंद्राबाईने दोन्ही हातांनी तिची शिंगं धरली, कपाळ खाजवत राहिली. रावजीने खाली बसून पाय मांडीवर घेतला. तार तीन ठिकाणी कापावी लागली. मांसातली ओढताना काजळी थरथरली पण तिने पाय झाडला नाही. झऱ्याच्या पाण्याने जखम धुतली, हळद भरली, टॉवेल फाडून बांधला. मग काजळी बसली. लगेच उठवण्यात अर्थ नव्हता. ऊन कलेपर्यंत थांबायचं ठरलं.

दोघंही किशोरच्या ओटीवर बसले, मध्ये भाकरीचं फडकं. मग चंद्राबाईने विचारलं,

"बाळ्या-लाल्या खरंच त्या ऊसवाल्याकडं गेले व्हते?"

तेरा वर्षांत हा प्रश्न येईल म्हणून रावजीने उत्तर कितीदा तरी तयार ठेवलं होतं. शेतकरी म्हातारा झाला, मुलांनी ट्रॅक्टर घेतला, बैल गोठ्यात वयानं गेले, असं ते उत्तर होतं. ते त्याच्या ओठांवरही आलं. पण दोन रात्रींपूर्वी काजळीबद्दल तो सगळं खरं तेच आठवत बसला होता, आणि आता त्यात दुसरं मिसळायची त्याला इच्छा होईना.

"नाय, वयनी. ऊसवाला कुणी नव्हता. घाटावर गाडी उभी व्हती, तिच्यात चढवले नि मी माघारी फिरलो. गाडी कुठं गेली ते विचारलं नाय."

"शिंगं रंगवली म्हणालास."

"मनचं सांगितलं."

"आणि लाल्याचा खांदा?"

"ते बी."

"मी हळद कुटून दिली व्हती."

"हां."

चंद्राबाई समोर बघत होती. "मालक गेल्यावर मला वाटायचं," ती म्हणाली, "त्ये दोघं तरी कुठं तरी हायत."

घुंगुरमाळा घरी आहेत, विकल्या नाहीत, दुसऱ्या कुठल्या जनावराच्या गळ्यातही घातल्या नाहीत, असं रावजीने सांगितलं. ती उठली, झऱ्यावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच डोणीला टेकून पाठमोरी उभी राहिली. रावजीने भाकरी फडक्यात बांधून ठेवली. दोघांनीही खाल्ली नव्हती.

परतताना काजळीला चंद्राबाईने पुढून नेलं आणि रावजी मागून चालला. घळीत जिथे गाय अडली तिथे त्याने पोटाला दोर लावून, खांदा देऊन तिला वर काढली. एका जागी चंद्राबाईचा पाय सरकला आणि तिने त्याचा दंड धरला. सपाटी आल्यावर सोडला. माळावर मंगेश थांबला होता, त्याने सुया दिल्या आणि पट्टी नीट बांधली.

दोन दिवसांनी बंद पडलेल्या शाळेच्या ओट्यावर वाडीची बैठक झाली. स्नेहल आली होती. गाय मिळाली होती तरी शुभमचं म्हणणं होतं, की माणूस बदलावा, कारण त्या वाटेवर फक्त हाच जातो, तर गाय तिथे नेऊन लपवली कशावरून नाही? दोन-तीन जणांनी माना हलवल्या. रावजी कडेला बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, की मी नेली नाय, पण दाखवायला माझ्याकडं काय नाय.

तेव्हा चंद्राबाई बोलली. त्याला राहू दे, म्हणाली. शुभमने विचारलं, आजी, तुमचा एवढा भरवसा कसा बसला?

"भरवसा नाय बसला," चंद्राबाई म्हणाली. "पण हा खोटं बोलतो तेव्हा कसा बोलतो, ते मला ठावं हाय. तीन वर्सं ऐकलंय मी. तेव्हा शिंगांचा रंग सांगायचा, जखम सांगायचा. काजळीचं विचारलं तेव्हा ठावं नाय म्हणाला."

बैलांची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तिच्या बोलण्याचा अर्थ अर्ध्या लोकांना कळला नाही, पण जिची गाय तीच म्हणतेय म्हटल्यावर विषय मिटला. त्या आठवड्यात रावजीने घळीच्या आसपास आणखी चार फास काढले. ते कुणाचे, हे वाडीत कुणी बोललं नाही.

घुंगुरमाळा त्याने फडक्यात गुंडाळून तिच्याकडे पोचवल्या. तिने गाठ न सोडता त्या आत नेऊन ठेवल्या. चहाला ये असं म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. काजळीचा पाय बरा झाला, थोडा आखडलेला राहिला. माघात ती पुन्हा माळावर गेली. तिच्या मागून आता आणखी चार-पाच गुरं त्या घळीने हेदकोंडात उतरतात, म्हणून रावजीची फेरी तेवढी लांबली आहे. शिमग्याला किशोर मुंबईहून घर बघायला आला तेव्हा अंगणातलं गवत कापल्यासारखं आखूड होतं आणि ओटीवर शेण पडलं होतं. त्याने रावजीला फोन करून विचारलं, की मेन्टेन कोण करतंय? गुरं करतायत, रावजी म्हणाला.

चैत्रात चंद्राबाईची पाडी वाघाने मारली. रावजीला ती सकाळी सापडली, गोठणीच्या वर, कातळाच्या आडोशाला. तो तिथून सरळ तिच्या घरी गेला. ती अंगणात आंबोशी वाळत घालत होती. त्याने उभ्यानेच सांगितलं, की पाडी गेली. कुठे, तिने विचारलं. त्याने जागा सांगितली.

"तडफडली काय रे?"

"हां," रावजी म्हणाला. "रगात दूरवर सांडलंय. लगेच गेली नाय."

चंद्राबाईने हातातल्या फोडी सुपात ठेवल्या. आणखी काय दिसलं ते तिने विचारलं. रावजी अंगणाच्या कडेच्या दगडावर बसला आणि त्याने जे पाहिलं होतं ते सगळं, एकेक करून, तिला सांगितलं.